पिकेट बसत नाहीत

ओडेसाचं लग्न झालं ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. जून महिना होता, आणि लुइझियानातल्या कॅस्टर बेंडच्या त्या लाकडी चर्चमध्ये बायका हातपंख्यांनी वारा घेत घामाघूम बसल्या होत्या. त्याच संध्याकाळी तिचा थोरला भाऊ लिअँडर पिकेट लग्नाचा कोट अंगावर तसाच ठेवून बसमध्ये चढला आणि कॅनडाला निघून गेला. ओडेसाने नवऱ्याला, वॉर्डेलला, दारात उभं करून भावाला गाठलं आणि केकचा तुकडा कागदात गुंडाळून त्याच्या खिशात कोंबला. "दादा, तिकडे बर्फात कोण खायला घालणार आहे तुला?" एवढंच ती म्हणाली.

लिअँडर पळून चालला नव्हता. त्याला जावं लागलं. कॉलेजात चार वर्षं तो अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे हाताने चेंडू फेकायच्या खेळाच्या, संघाचा क्वार्टरबॅक होता, म्हणजे डाव त्याच्या हातात होता. चेंडू आधी त्याच्याकडे यायचा. तो कुणाला फेकायचा, की बगलेत मारून स्वतःच धूम ठोकायची, हे त्याने ठरवायचं. पाच आडदांड गडी समोर भिंत करून उभे राहतात आणि त्यांच्या आडोशाला राहून क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, ही रीत. पण लिअँडर आडोशात फार वेळ टिकायचा नाही. भिंतीला भोक दिसलं की तो बाहेर, आणि मग लुइझियानाभर त्याच्या मागे धावणारे गडी धापा टाकत राहायचे.

त्या वसंतात एका मोठ्या धंदेवाईक संघाचा माणूस घरी आला. आईने केलेली भेंडी आणि कोंबडी पोटभर खाल्ली, बोटं पुसली आणि म्हणाला, "पोरा, तुझे पाय म्हणजे चमत्कार आहे. आम्ही तुला चेंडू झेलायला घेऊ."

"आणि फेकणार कोण?" लिअँडरने विचारलं.

तो माणूस नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळला. काळ्या पोराने पळावं, झेलावं, पाडावं. डाव हाकायचं काम त्याचं नाही, असा तो काळ होता. कॅनडातल्या संघाने मात्र फोनवरच सांगितलं, "फेकायलाच ये." म्हणून तो गेला.

तिथली सहा वर्षं लिअँडर पुढे जन्मभर मनात घोळवत राहिला. मैदान अमेरिकेतल्यापेक्षा रुंद. दोन्ही बाजूंना इतकी मोकळी जागा की पहिल्या दिवशी त्याला वाटलं, हे कुणीतरी माझं माप घेऊनच आखलंय. गव्हाच्या मुलखातलं शहर होतं ते. ऑक्टोबरात खेळाच्या वेळी सूर्य तिरपा यायचा आणि पळताना स्वतःचीच लांब सावली पुढे पुढे पळायची. शेतकरी बायकापोरांसह गोधड्या पांघरून बसायचे. एका म्हाताऱ्याने त्याला कानटोपी दिली, लांडग्याच्या कातड्याची. टोपीला वास यायचा, पण लिअँडरने ती सहाही हिवाळे घातली. त्या दिवसांत आपण म्हातारे होऊ हे त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं.

मग ऐंशी साली अमेरिकेतल्या एका संघाने त्याला बोलावलं, आणि चक्क क्वार्टरबॅक म्हणून. दीड हंगाम तो खेळला. दुसऱ्या डिसेंबरात, उत्तरेकडच्या एका गावी, लोखंडासारख्या गोठलेल्या जमिनीवर, चेंडू संघाकडे राहायला त्याला आणखी एक यार्ड, म्हणजे तीन फूट, हवा होता. सीमारेषा दोन पावलांवर होती. बाहेर पाऊल टाकलं असतं तर काही झालं नसतं. त्याने खांदा खाली घातला. यार्ड मिळाला आणि गुडघा गेला.

कारण शाळेतला कोच, होझेया रँकिन, पोरांना एकच गोष्ट शिकवून गेला होता: पडायचं तर पुढे पडायचं. कुणी हात लावायच्या आधी जो खाली बसेल त्याला बाकीच्यांचे बूट आठवडाभर घासावे लागत. लिअँडरने एकदाही कुणाचे बूट घासले नाहीत. गावात म्हणायचेच, "पिकेट बसत नाहीत." गुडघा गेल्यावर तो घरी आला आणि तीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली. पोरं त्याला विचारायची, "मिस्टर ली, पळून दाखवा ना." तो म्हणायचा, "बस पळतीय ना? गप बसा."

ओडेसाचा धाकटा मुलगा कोर्टेझ नऊ वर्षांचा झाला तेव्हा चेंडू घेऊन मामाकडे आला. लिअँडरने त्याला फेकायला शिकवलं, बघायला शिकवलं, आणि होझेया रँकिनकडून जे घेतलं होतं तेही जसंच्या तसं दिलं. पोरगं मामावर गेलं. त्याच्यासारखंच आडोशातून निसटायचं, आणि आता काळ बदलला होता, त्याला झेलायला जा म्हणून कुणी सांगितलं नाही. दोन हजार अकरात तो मोठ्या संघाचा क्वार्टरबॅक झाला. तीन हंगामांत दोनदा बरगड्या मोडल्या, एकदा डोक्याला मार बसून दोन दिवस उजेड सहन होईना, आणि शेवटी घोटा.

दोन हजार चौदाच्या जुलैत, पिकेटांच्या कुळमेळ्याला, तो काठी न घेता चालत आला, पण पायऱ्या उतरताना आधी डावा पाय टाकत होता. हे लिअँडरच्या लगेच लक्षात आलं. ओडेसाच्याही.

मेळा दर वर्षी ओडेसाच्या घरामागच्या कुरणात भरायचा. सगळ्यांनी एकाच रंगाचे सदरे घालायचे ही रीत, त्या साली ते जांभळे होते. पुरुष माणसं पहाटेपासून खड्ड्यावर डुक्कर भाजत बसली होती, आणि चुलतभाऊ थर्मन, ज्याने आयुष्यात कधी एक पळीही हलवली नव्हती, सगळ्यांना निखारे कसे सारायचे ते सांगत होता.

"बटाट्याची कोशिंबीर कुणी केलीय?" त्याने ओरडून विचारलं.

"मी," ओडेसा खिडकीतून म्हणाली.

"मग वाढ. मागच्या वर्षी कुणीतरी मनुका घातल्या होत्या. त्या बाईला अजून माफ केलं नाही मी."

"तुझीच बायको होती ती, थर्मन."

"म्हणून तर."

ओडेसाने लिअँडरला खूण करून स्वयंपाकघरात बोलावलं. दार ओढून घेतलं. हात पुसता पुसता म्हणाली, "दादा, नव्या कोचने कोर्टेझला विचारलंय. महिनाअखेर सराव सुरू व्हायच्या आत सांग म्हणालाय. आडोशात उभा राहणार असशील तर संघ तुझ्याभोवती बांधतो. पळणार असशील तर दुसरा क्वार्टरबॅकही बघून ठेवतो, कारण पळणारे टिकत नाहीत."

"टीव्हीवरचे पण तेच बडबडतात."

"टीव्हीचं सोड. तू त्याला सांग, उभा राहा म्हणून. माझं ऐकत नाही तो. तुझं ऐकेल." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुला पायऱ्या चढताना मी तीस वर्षं बघतीय. दुसऱ्यांदा नाही बघवणार मला."

लिअँडरने दाराच्या कडीला हात घातला. पोराला काय सांगणार? उभा राहा म्हणायचं, तर आपण जे काही होतो ते चूक होतं म्हणून स्वतःच्या तोंडाने सांगायचं. ती रुंद मैदानं, ती पुढे पळणारी सावली, सगळंच. पळ म्हणायचं, आणि उद्या पोराचा गुडघा गेला, तर बहिणीच्या या स्वयंपाकघरात परत पाय कसा ठेवायचा?

बाहेर आला तर कोर्टेझ खड्ड्याशी वाट बघत उभा.

"मामा, आईने तुम्हाला सांगितलंय ना?"

"सांगितलं."

"मग? पळू की थांबू? तुम्ही म्हणाल ते करतो. खरंच."

"आधी जेव," लिअँडर म्हणाला. वेळ काढायला तेवढंच सुचलं.

जेवणानंतर मेळ्यातला खेळ झाला. जुने विरुद्ध नवे. कुणी कुणाला पाडायचं नाही, नुसता हात लावायचा. लिअँडर जुन्यांकडून एका जागी उभा राहून फेकायचा. थर्मन झेलायचा नाही आणि उन्हावर खापर फोडायचा. नव्यांकडून कोर्टेझ. त्याने आईला शब्द दिला होता, आज पळणार नाही. तिसऱ्याच डावात त्याच्यासमोर जागा मोकळी दिसली आणि पोरगं सुटलं. टोकाच्या रेषेजवळ दोन भाऊ आडवे आले. थांबला असता, बाजूला झाला असता, काही अडत नव्हतं. पण त्याचा खांदा आपसूक खाली गेला आणि तो तोंडावर, हात पुढे करून, कुरणात आदळला.

कोर्टेझ उठून बसला, ओठातून रक्त आलं होतं. म्हणाला, "रेषा पार झाली ना?"

ओडेसा ॲप्रन तसाच बांधून कुरणात आली. साठ वर्षांची बाई, पण चाल अशी की माणसं वाट सोडून बाजूला झाली.

"कुणी शिकवलं याला असं पडायला? ट्रकमधून पोतं पडल्यासारखं!"

लिअँडरने मान खाली घातली.

"संघात शिकवतात गं घसरायला," कोर्टेझ म्हणाला. "पाय पुढे करून बसलं की कुणी मारू शकत नाही, नियमच आहे. माहितीय मला. पण ऐन वेळेला होत नाही. अंगातच नाही आपल्या."

"आपल्या म्हणजे कुणाच्या? तुझ्या मामाच्या अंगात नाही." ती वळून पोरींना म्हणाली, "त्या टेबलावरचं प्लास्टिक आणा. आणि पाण्याची नळी."

गवतावर प्लास्टिक अंथरलं, त्यावर पाणी सोडलं. ओडेसाने चपला काढल्या आणि ती सावकाश खाली बसली. एक पाय मुडपून खाली घेतला, दुसरा पुढे सोडला, दोन्ही हात वर.

"असं. हात वर, नाहीतर मनगट जाईल. हनुवटी छातीला. आणि माणूस अंगावर आल्यावर नाही बसायचं. येताना दिसला की बसायचं. आपण ठरवायचं कुठे थांबायचं, त्याने नाही."

"हे तुला कुठून येतं?" लिअँडरने विचारलं.

तिने त्याच्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं. "मी कामाला होते त्या कोंबड्यांच्या कारखान्यात बायकांचा सॉफ्टबॉल संघ होता, माहीत नाही तुला? आठ उन्हाळे खेळले मी. एका बेसवरून दुसऱ्या बेसवर चेंडूच्या आधी पोचायचं म्हणजे घसरूनच पोचायचं. मला कुणाला बाद करता यायचं नाही. वॉर्डेल पोरांना खांद्यावर घेऊन यायचा बघायला."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"तू कॅनडात होतास. मग आलास, आणि गुडघ्याशिवाय तुला काही दिसत नव्हतं." रागाने नाही म्हणाली ती. "मी चांगली पळायची, दादा. तू एकदा बघायला हवं होतंस."

लिअँडर गवतावर तिच्याशेजारी बसला. गुडघा वाकताना दुखला. एकाच घरात दोघं पळणारे वाढले आणि आपल्याला एकच माहीत होता, हे त्याला त्या क्षणी फार लागलं. कारखान्यामागचं ते मैदान त्याच्या ओळखीचं होतं. लाल मातीचं, तिथून बस घेऊन तो हजारदा गेला होता. त्या धुळीत ओडेसा कशी दिसत असेल, हे तो मनातल्या मनात बघू लागला, आणि ते चित्र काही केल्या पुरं होईना.

दुपारभर कोर्टेझ त्या ओल्या प्लास्टिकवर घसरत राहिला. आई हातात पंखा घेऊन खुर्चीवर बसून ओरडत होती, "उशीर झाला! अजूनही उशीर! परत!" थर्मननेही एकदा करून बघितलं, आणि दोघांनी धरून त्याला उभं केलं.

ऊन उतरल्यावर कोर्टेझ मामाजवळ आला. सदरा चिंब, कोपरं सोललेली.

"आता सांगा."

"पळ," लिअँडर म्हणाला. "पण आईने दाखवलं तसं बसायला शीक. नाही जमलं तर उभा राहा. मी शिकवलं ते विसर."

"सगळं?"

"पडायचं तेवढं. फेकायचं राहू दे."

ओडेसाने हे ऐकलं. ती म्हणाली, "मी तुला याला थांबवायला सांगितलं होतं."

"मग घसरायला का शिकवलंस?"

ती पंखा हलवत राहिली.

सप्टेंबरातला पहिला सामना सगळ्यांनी ओडेसाच्या दिवाणखान्यात बसून बघितला. चौथ्या, शेवटच्या भागात कोर्टेझ आडोशातून निसटला आणि पळत सुटला. दोन यार्ड हवे होते. समोरून भलाथोरला गडी अंगावर येत होता. कोर्टेझ बसला. पाय पुढे, हात वर, एक यार्ड कमी पडून. आख्ख्या मैदानाने हुर्यो उडवली. थर्मनने टोपी जमिनीवर आपटली, "पिकेट बसला! होझेया रँकिन थडग्यात उलटा झाला असेल!"

लिअँडरला खरोखर लाज वाटली. कान तापले, मान वर करवेना. पासष्टीकडे झुकलेला माणूस, पण त्या क्षणी तो शाळेतला पोरगा झाला होता आणि कुणीतरी त्याच्यासमोर बूट आणून टाकले होते. मग त्याने पडद्याकडे बघितलं. कोर्टेझ उठून, चेंडू पंचाच्या हाती देऊन, दुडक्या चालीने परत चालला होता. दोन्ही पाय सारखे पडत होते. लिअँडर त्या पायांकडे बघत राहिला, आणि लाज कधी निघून गेली ते त्याला कळलं नाही. शेजारी ओडेसा हळूच म्हणाली, "किंचित उशीर केला त्याने."

तो सामना ते हरले. कोचने दुसरा क्वार्टरबॅक आणलाच, पण त्याला फारसं खेळायला मिळालं नाही. कोर्टेझ पळत राहिला आणि बसत राहिला. वर्षागणिक पळणं कमी झालं, फेकणं वाढलं. जागा दिसली तरी आधी एकदा लांबवर, झेलणारा कुणी मोकळा आहे का, ते बघायची सवय लागली. टीव्हीवरचे लोक दर ऑगस्टला म्हणायचे, हे शेवटचं वर्ष. लिअँडर त्यांचा आवाज बंद करून नुसतं चित्र बघायचा.

ओडेसा दोन हजार बावीसच्या जानेवारीत, अकरा तारखेला, मंगळवारी सकाळी वारली. अडुसष्ट वर्षांची होती. कोर्टेझचा तेव्हा अकरावा हंगाम चालू होता. दोन दिवसांची रजा घेऊन तो आला, आणि आईची शवपेटी त्याने व त्याच्या मामाने पुढून धरली.