खेचर पाण्यात बसलं

लायसँडर प्रुइटने न्हाव्याच्या दुकानातलं वर्तमानपत्र उघडलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी ज्या विनोदी भाषणावर या गावाला हसवायचं, ते आख्खंच्या आख्खं तिथे छापलं होतं. मागच्या गावात पहिल्या रांगेत एकजण मन लावून लिहून घेत होता, तो चाहता नव्हता तर मेला वार्ताहर होता!

त्याने घाईघाईने शेवटचा किस्सा गाठला. पाद्रीबाबा खेचरावरून नदी ओलांडतायत. भर पाण्यात खेचर अडतं, पाणी चढतंय, काठावरून सगळं गाव ओरडतंय, ‘प्रार्थना करा!’ पाद्रीबाबा डोळे मिटून हात जोडतात. खेचर मान वळवून त्यांच्याकडे बघतं, आणि... खाली पोटाच्या गोळ्यांची जाहिरात. जागा संपली होती. चला, निदान शेवट तरी वाचला.

“बसा साहेब,” ओबडाया फेनने खुर्ची झटकली. भिंतीवर लावलेल्या, संध्याकाळच्या भाषणाच्या जाहिरातीतल्या चित्रात प्रुइट वीस वर्षांनी तरुण होता, त्यामुळे न्हाव्याने त्याला ओळखलं नाही.

प्रुइटचा पाय हलायचा थांबेना.

“हलू नका, कान जाईल.”

“दुसरा आहे.”

ओबडाया हसला. “तुम्हीही पेपरातल्या या भाषणवाल्यासारखेच दिसता. सकाळी बायकोला हेच वाचून दाखवलं. मोतीबिंदूने तिचे डोळे गेलेत हो. पोट धरून हसत होती, आणि ऐन मोक्याला या गोळ्या! मग दिलं मीच काहीतरी ठोकून.”

“काय ठोकलंत?”

“खेचर पाण्यात खाली बसलं. तीन वर्षं चर्चच्या दारात बांधलेलं जनावर ते. पाद्रीबाबांनी डोळे मिटले की तासाची निश्चिंती, हे त्याला पाठ!”

प्रुइट इतका जोरात हसला, की न्हाव्याला वस्तरा वर उचलावा लागला. त्याच्या शेवटात पाद्रीबाबा नुसते धपकन पाण्यात पडायचे. चार वर्षं तो त्यांना बुडवत होता.

“झकास आहे की.”

“कसलं झकास! संध्याकाळी तिला घेऊन जातोय. खरा शेवट ऐकला की माझं पितळ उघडं.”

“एवढ्याशा थापेचं काय घेऊन बसलात?”

ओबडाया चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासू लागला. “आमचा मुलगा नेट खाणीवर गेला, त्याला दोन वर्षं झाली. एक ओळ नाही त्याची. दर महिन्याला मी कोरा कागद हातात धरतो आणि तिला त्याचं पत्र वाचून दाखवतो. एक थाप उघडी पडली साहेब, तर बाकीच्या किती टिकतील?”

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं, पण हसायला कुणी तयार नव्हतं. प्रुइटच्या आधीच लोकांचे ओठ हलत होते. एक म्हातारा तर पेपर उघडून, त्याने काही गाळलंय का, हे बोटाने तपासत होता. प्रुइट घामाने भिजला. पाणी प्यायला, खिसे चाचपले, पुन्हा पाणी प्यायला.

अखेर खेचराने मान वळवली. म्हाताऱ्याने पेपर खाली ठेवला. सगळे पुढे वाकले. तिसऱ्या रांगेत ओबडाया मान खाली घालून बसला होता, शेजारी त्याची बायको टॅबिथा. प्रुइटकडे स्वतःचं म्हणावं असं आता एवढं एकच वाक्य उरलं होतं. ते त्याने गिळलं.

“आणि खाली बसलं,” तो म्हणाला.

पुढचं सांगून होईपर्यंत हशाने छप्पर उडायची वेळ आली. ओबडायाने चमकून वर पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

प्रुइट बाहेर पडला, तेव्हा ती दोघं पायऱ्या उतरत होती. टॅबिथाने नवऱ्याचा दंड धरला होता.

“अहो, शेवट तुम्हीच जास्त रंगवला होतात.”

“अगं, मी कुठला रंगवतोय? छापलेलंच वाचलं.”

“हो, हो. छापलेलंच.” तिने त्याची बाही थोपटली. “घरी गेल्यावर नेटचं पत्र वाचा. या वेळी जरा लांब असू दे. खाणीवर खेचरं असतीलच की.”