भोपळ्यातलं वादळ

शेजारच्या बुशराच्या किचनमध्ये फरश्या फोडायचं काम निघालं, म्हणून तो भोपळा उज्वलाबाईंच्या घरी आला.

सीवूड्सच्या त्या सोसायटीत बुशरा नवीनच राहायला आली होती. मूळची उरणकडची. आधी एका हॉटेलात ती फळं आणि भाज्या कोरायचं काम करायची, आता घरूनच लग्नाच्या ऑर्डरी घ्यायची. यंदा सोसायटीतल्या पोरांना हॅलोविन करायचं होतं, तेव्हा सेक्रेटरी स्मितानं भुताच्या तोंडाचा भोपळा तिलाच सांगितला.

"काकू, आजच्या दिवस तुमचं टेबल वापरू का? तिकडे सगळी सिमेंटची धूळ हाय," बुशरानं दारात उभं राहून विचारलं.

उज्वलाबाई हो म्हणाल्या. बुशरानं तो भोपळा दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणला आणि जुन्या चादरीवर ठेवला. चांगला घागरीएवढा, फाकीफाकींचा, तपकिरी सालीवर हिरवट डाग असलेला. त्याला बघून उज्वलाबाई दोन पावलं मागेच सरल्या.

यजमान नंदकुमारराव गेल्यापासून घरात अख्खा भोपळा आला नव्हता. साताऱ्याकडच्या त्यांच्या माहेरी आणि सासरीही एकच रीत होती: बाईनं अख्ख्या भोपळ्याला सुरी लावायची नाही. पहिला घाव पुरुषाचा, मग खुशाल चिरा. नंदकुमारराव ऑफिसला जायच्या आधी टाय-बिय घालून, हळदकुंकू लावून भोपळा फोडायचे आणि मगच डबा घेऊन निघायचे. आता उज्वलाबाई भाजीवाल्याकडून चिरलेली फोड आणत.

त्यांनी हे बुशराला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. पण ती हसली नाही. हातातली सुरी तिनं खाली ठेवली.

"तुमच्या घरात नको असेल तर मी खाली क्लबहाउसमध्ये जाते, काकू. वाईट नाय वाटणार मला."

उज्वलाबाईंनी क्षणभर विचार केला. खाली बसायला धड बाक नव्हता, आणि एवढं ओझं घेऊन ही पोर पुन्हा लिफ्टने जाणार. "राहू दे. तू कर तुझं काम," त्या म्हणाल्या, पण स्वतः गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

आत सुरी गेल्याचा आवाज आला. ओल्या लाकडात जावी तसा. मग भोपळ्याचा तो कच्चा, गोडसर वास घरभर पसरला. बराच वेळ नुसतं खरवडणं ऐकू येत होतं. शेवटी त्यांना राहवेना. त्या आत आल्या.

बुशरानं भोपळ्याला पाठीमागून चौकोनी झरोका पाडला होता आणि त्यातून हात घालून ती आतला गर पळीनं खरवडत होती. मधूनच बाहेरून बोटानं टिचकी मारायची, कान लावायची, पुन्हा खरवडायची. मग तिनं भोपळा वळवला आणि बारीक वाकड्या पात्याच्या कोरणीनं समोरची साल सोलायला घेतली. साल निघाली तसा खाली फिकट पिवळा थर दिसला, त्याच्याखाली केशरी, आणि आणखी खाली गर्द शेंदरी. चाळीसेक वर्षं भोपळा चिरून उज्वलाबाईंनी हे कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना तो सगळा एकच रंग वाटायचा.

"भुताचं तोंड कुठंय यात?" त्यांनी विचारलं.

"ते शेवटी पाठीमागं करीन, या झरोक्याचंच. दहा मिनिटांचं काम हाय. पुढं आमचा मचवा काढते, शिडाची होडी." बुशरानं मान वर न करता सांगितलं. "माझे आजोबा मचवा चालवायचे. त्यांनी सांगितलेलं एक वादळ डोक्यात हाय लहानपणापासून. कधी काढलं नाय."

तिनं पेन्सिल लावली नाही की कागद लावला नाही. कोरणी वळली की लाट उठे, अंगठ्यानं दाब कमी केला की लाटेला फेस येई. शीड, त्याचा ताणलेला दोर, सुकाणूला अंग टेकून उभा असलेला एक माणूस. उज्वलाबाई खुर्ची ओढून बसल्या. चहा ठेवायचं त्या विसरल्या.

थोड्या वेळानं बुशरानं बोटं मोडली आणि एक कोरणी त्यांच्यापुढे धरली. "आभाळ तुमी करा. नुसतं खरवडायचं. जिथं पातळ, तिथं उजेड जास्त. जिथं जाड, तिथं काळोख."

"मी?"

"मघाशी पहिला घाव झालाच हाय ना."

उज्वलाबाईंनी हात पुसला आणि कोरणी घेतली. पात्याखालून गराची बारीक सळी वळत निघाली. त्या रंगून गेल्या. शिडाच्या वरचा एक कोपरा जरा जाड वाटला म्हणून त्यांनी तिथं जोर लावला, आणि पातं आरपार गेलं.

भोक पडलं. कडेनं एक चीर खाली उतरली.

"बुशरा, मी वाट लावली गं सगळ्याची."

बुशरानं भोपळा स्वतःकडे वळवला. भोकाची कड बोटानं चाचपली. मग बारीक सुरी घेऊन तिनं त्या चिरेलाच एक वळण दिलं, मग दुसरं, त्यातून एक फाटा काढला आणि तो डोलकाठीच्या टोकापर्यंत आणला. सुरी पुसून ठेवली.

"परदा ओढा, काकू."

उज्वलाबाईंनी पडदे ओढले. बुशरानं झरोक्यातून छोटा दिवा आत सरकवला आणि बटण दाबलं.

खोलीत समुद्र उभा राहिला. लाटांच्या तळाशी काळपट लाल अंधार, माथ्यावर सोन्यासारखा फेस, मधे मचवा एका कुशीवर कललेला. आणि मघाच्या भोकातून वीज खाली आली होती, लखलखीत पांढरी, अख्ख्या चित्रातली एकच गोष्ट जिच्यावर डोळा ठरेना. सुकाणूवरच्या माणसाच्या तोंडावर तिचाच उजेड पडला होता. नकळत उज्वलाबाईंचे हात जोडले गेले. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आजोबा म्हणायचे, वीज पडली तवा किनारा दिसला," बुशरा हळू आवाजात म्हणाली. "मी ती काढणारच नव्हते. जमंल असं वाटलं नव्हतं."

संध्याकाळी क्लबहाउसमध्ये पोरं भुताच्या तोंडाकडे धावली, किंचाळली, फोटो झाले. मग कुणीतरी भोपळा फिरवून बघितला आणि एकेक पोर त्या बाजूला येऊन बसलं. स्मिता हातात ज्यूसचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. एका छोट्या मुलीनं काचेला लावावं तसं भोपळ्याला नाक लावलं आणि विचारलं, "तो पोचतो का घरी?"

"पोचला," बुशरा म्हणाली. "म्हणून मी हाय."

भोपळा काही टिकणार नव्हता. गर उघडा पडला की तो सुकतो, मग कुजतो, हे बुशरानं आधीच सांगून ठेवलं होतं. तरी दोन दिवसांनी तो फेकायच्या आधी ती आणि उज्वलाबाई क्लबहाउसमध्ये गेल्या. कडा आक्रसल्या होत्या, लाटा बसक्या झाल्या होत्या. उज्वलाबाईंनी आतला दिवा लावला.

सुकताना शिडाचा पातळ पापुद्रा आतून फुगला होता, वारा भरल्यासारखा. कललेला मचवा सालीच्या ओढीनं सरळ झाला होता आणि खालचा समुद्र शांत, सुरकुत्यासुरकुत्यांचा पसरला होता.

बुशरा खाली वाकली. बोट पुढे नेलं, पण लावलं नाही.

"हे मी नाय केलं, काकू," ती म्हणाली.

कचऱ्याची गाडी येऊन गेली तरी दोघी तिथंच बसून होत्या.