झुडपाखालची जागा

"मुलांना आत्ताच्या आत्ता आत न्या!" प्रिन्सिपल हार्लन कुंपणाच्या फाटकातूनच ओरडले. त्यांच्यामागे पिवळा बुलडोझर घरघरत उभा होता.

सुलेखा वझलवार जागची हलली नाही. तिचा चौथीचा वर्ग शाळेमागच्या माळावर एका काटक झुडपाभोवती गोल करून बसला होता. झुडपाच्या बुडाशी क्वेलची मादी, आपल्याकडच्या लाव्याची बहीणच ती, अंड्यांवर दबून बसली होती.

"पिल्लं निघेपर्यंत या कोपऱ्याला हात लावणार नाही, असा शब्द तुम्ही मुलांना दिला होता," सुलेखा म्हणाली.

"काँट्रॅक्टर आज मोकळा आहे. एका पक्ष्यापायी पार्किंग लॉट अडवून धरू?"

१९८५ सालचा एप्रिल होता तो. नागपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी सुलेखा नवऱ्याच्या, चारुदत्तच्या, चिप कंपनीतल्या नोकरीपायी ॲरिझोनात चँडलरला आली होती. इथे तिच्या डिग्रीला कुणी विचारलं नाही. तिनं पुन्हा पहिल्यापासून ट्रेनिंग केलं आणि ही नोकरी मिळवली, तीही वर्षावर्षाच्या बोलीची. 'वझलवार' कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती 'मिसेस व्ही' झाली. तिचे उच्चार मुलांना कळत नाहीत, अशी तक्रार काही पालक करत. मुलांनी मात्र ती कधी केली नाही.

पुस्तकात सजीव-निर्जीवाच्या धड्यात हिरवं कुरण होतं, तळं होतं, बदकं होती. बाहेर नजर जाईल तिथवर वाळू आणि खडे. तिनं पुस्तक मिटलं आणि वर्ग माळावर नेला.

"दगड तर नॉन-लिव्हिंग आहे. त्याचं काय शिकायचं?" एका मुलीनं नाक मुरडून विचारलं होतं.

"उचल तो, सांभाळून," सुलेखा म्हणाली. दगडाखालची माती गार होती, आणि तिथे इवल्या किड्यांची पळापळ उडाली. "आता हा दगड इथून नेला, तर यातलं कोण जगेल?"

त्या दिवसापासून मुलं ऊन, सावली, वाळू, गळक्या नळाचं पाणी अशा सगळ्यांचीच चौकशी करू लागली. घरटंही त्यांनीच शोधलं होतं.

"मिसेस व्ही, तुम्ही मुलांची ढाल करताय," हार्लन आता जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले.

ते तिला लागलं, कारण ते खरं होतं. ती उठली, मुलांना रांगेत उभं केलं आणि शेजारच्या वर्गाच्या बाईंच्या स्वाधीन केलं. मग पदर कमरेला खोचून परत आली आणि झुडपापुढे खड्यांवर मांडी घालून बसली.

"आता मुलं नाहीत. मी एकटी आहे. चालवा तुमचं मशीन."

ऑफिसातून फोन गेला असावा. थोड्या वेळानं चारुदत्त आला, गळ्यात कंपनीचा बिल्ला तसाच.

"अगं, काय चाललंय हे? तुझं रिन्यूअल तोंडावर आलंय. जरा ॲडजस्ट कर ना, यार!"

"ॲडजस्टच करत आलेय, चारू. नाव कापून घेतलं. आता दिलेला शब्दही गिळू?"

"शब्द त्यांनी दिला होता. तू नाही."

"मी शेजारी उभी होते. मुलांनी माझ्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवला."

चारुदत्त गाडीकडे गेला, आपली टोपी घेऊन आला आणि तिच्या डोक्यावर ठेवली. "ऊन बघ किती आहे," एवढंच पुटपुटला.

बुलडोझरवाल्यानं इंजिन बंद केलं. "मी पलीकडच्या टोकापासून सुरू करतो. तिकडेच आठवडा जाईल," तो हार्लनना म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता मशीन वळवून निघून गेला. सुलेखा शाळा सुटेपर्यंत बसून राहिली.

त्याच आठवड्यात पिल्लं निघाली. अक्रोडाएवढे गोळे आईमागे तुरुतुरु धावत कुंपणाखालून पलीकडच्या माळात गेले. अख्खा वर्ग खिडकीला चिकटला होता.

सोमवारी झुडूप नव्हतं. दगडही नव्हते. दोन मुलं रडली. सुलेखानं त्यांची खोटी समजूत घातली नाही. सगळ्यांना कडेला नेऊन उभं केलं.

"काय उरलं इथे?"

"सन... एअर... ग्रॅव्हल..."

"आणि लिव्हिंग?"

दगडावरून नाक मुरडणारी ती मुलगी म्हणाली, "आपण."

मे महिन्यात हार्लननी तिला बोलावून घेतलं. "झालं ते चुकलं, एवढं शाळेच्या बोर्डापुढे म्हणा. पुढचं वर्ष मी मिळवून देतो."

"चुकलं नाही, तर कसं म्हणू?"

शेवटच्या दिवशी वर्ग रिकामा झाल्यावर तिनं किल्ली हार्लनच्या हातात दिली. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. तिथे तिच्या नावाची पट्टी होती, झुडूप गेल्यानंतर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेली, 'मिसेस व्ही' नव्हे, पूर्ण आडनावाची. "जाताना ती काढून घ्या."

"माझं नाव मी काढणार नाही. तुम्हाला नको असेल, तर तुम्ही काढा."

ती पर्स खांद्याला लावून चालू लागली. मागे चिकटपट्टीचा कोपरा नखानं खरवडल्याचा आवाज येत होता. पट्टी सहजी निघत नव्हती. सुलेखानं वळून पाहिलं नाही.