दोन पौंडांचा चाप

वॉल्टरने स्प्रिंगच्या काट्याचा हूक राजन मेश्रामच्या उजव्या तर्जनीत अडकवला आणि म्हणाला, “ओढ. घाई नाही.”

राजनने दात आवळून ओढलं. काटा दोनच्या पुढे सरकला, अडीचपाशी थरथरला आणि मागे आला. राजनचा चेहरा फुलला.

“पाह्यलंस? अडीच! एप्रिलमध्ये चमचा धरता येत नव्हता मला,” तो बायकोला मराठीत म्हणाला.

अरुणा कोपऱ्यातल्या स्टुलावर कोट मांडीवर घेऊन बसली होती. ती हसली. हसण्याखेरीज त्या बंदुका दुरुस्त करायच्या गॅरेजमध्ये तिला काही काम नव्हतं.

राजनच्या रायफलीचा चाप साडेतीन पौंडांवर बसवलेला होता. तेवढा जोर लावल्याशिवाय गोळी सुटत नसे. शिकारीला तसाच लागतो. विनिपेगच्या नोव्हेंबरात हातमोज्यातलं बोट बधिर होतं. चाप हलका असला, तर बोट नुसतं टेकलं तरी बार उडायचा, मग समोर हरीण असो की माणूस. राजनला हे कुणी शिकवायला नको होतं. नागपूरहून येऊन वीज कंपनीत ड्राफ्ट्समन झाला, तिथल्या डेनिसने त्याला रानात नेलं, त्यालाही वीसेक वर्षं होऊन गेली होती. नव्या पोरांना तोच हे दरडावून सांगायचा. पण स्वतःच्या अंगावरून वारं गेलं की शहाणपण दुसऱ्यांपुरतंच उरतं.

“दोन कर,” तो वॉल्टरला म्हणाला.

“टू इज फॉर पेपर टार्गेट्स, राजन. नॉट फॉर द बुश.”

“माझी रायफल आहे. टू.”

वॉल्टरने मान हलवली. सीझनची गर्दी होती. शुक्रवारी संध्याकाळी मिळेल म्हणाला. डेनिस जाता जाता ती उचलणार होता, आणि शनिवारी पहाटे दोघं डेनिसच्या शेतामागच्या रानात बसणार होते. सगळं ठरलं.

घरी येताना गाडी अरुणाच चालवत होती. राजन आपलं बोट खिडकीच्या उजेडात धरून पाहत होता.

“औंदा मंडळात मटण माझंच राहील,” तो म्हणाला. “सावजी मसाला आहे ना घरी?”

“आहे. पण औंदा रानात नाही गेलात तर काही बिघडते का हो?”

“तू काहून घाबरून राहिली? बटनं लावतो ना मी माझी?”

लावत होता खरा. रोज सकाळी शर्टाची बटणं लावायला त्याला न्याहरी थंड होईपर्यंत वेळ लागे. अरुणाने हात पुढे केला की तो पाठ फिरवून उभा राही. सबंध उन्हाळाभर तिने ती पाठच पाहिली होती. शेवटचं बटण बसलं की तो वळायचा आणि शाळेतल्या पोरासारखा तिच्यापुढे उभा राहायचा. आंबेडकर असोसिएशनच्या डिसेंबरातल्या जेवणात ‘हरणवाले राजनभाऊ’ म्हणून ज्याची पातेल्यापाशी वाट पाहत, त्याचा सगळा मान आता त्या बटणांवर येऊन टेकला होता.

दुसऱ्या दिवशी राजन व्यायामाला गेला असताना डेनिसचा फोन आला. दोन पौंडांचं वॉल्टरने त्याला सांगितलं होतं.

“अरुणा, माझा नातू येतोय यंदा पहिल्यांदा. मी राजनला नाही म्हणू शकत नाही. यू अंडरस्टँड? यू टॉक टू हिम.”

मैत्री डेनिसची, रान डेनिसचं, नातू डेनिसचा. आणि वाईटपणा तेवढा अरुणाने घ्यायचा. तिला संताप आला. पण तिने डेनिसला काही ऐकवलं नाही, आणि राजनशी बोलायचीही तिची छाती झाली नाही. ती गाडी काढून सरळ वॉल्टरकडे गेली.

“जड कर,” ती म्हणाली. “त्याला ओढताच येणार नाही एवढा.”

वॉल्टरने फडक्याला हात पुसले. “दोनवर मी तसाही करणार नव्हतो,” तो म्हणाला. “सहा करतो. ही वोन्ट मूव्ह सिक्स.” आणि मग, “त्याला सांगशील ना?”

“सांगते,” अरुणा म्हणाली.

तिने सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता शुक्रवार उजाडला. डेनिसच्या ट्रकमध्ये नारिंगी जाकीट घालून चढताना राजनने तिला असा हात केला, जणू काही मधे झालंच नव्हतं.

रविवारी दुपारी डेनिसने त्याला दारात सोडलं आणि गाडीतून न उतरताच तो निघून गेला. राजनने बूट काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

“दिसलं का काही?” अरुणाने विचारलं.

“नाही.”

तिने वरण-भात वाढला. तो डाव्या हाताने जेवू लागला. उजव्या हाताच्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर लालनिळे वळ उठले होते. एका बोटाने जमेना तेव्हा त्याने दुसरंही त्याच्यावर चढवलं होतं.

“दिसलं होतं,” तो ताटात पाहत म्हणाला. “मोठा नर. पुढ्यात उभा होता. दोन पौंड, अरुणा. दोन पौंडसुद्धा नाही ओढल्या गेलं माझ्यानं.”

“थंडीनं झालं असेल,” ती म्हणाली.

“नाही. बोट संपलं आता. त्या दिवशीचा काटाच खोटा असंन.”

सहा होते, सहा पौंड होते, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. आता सांगितलं तर बोट त्याला परत मिळणार होतं. पण मग बायको, मित्र, वॉल्टर यांतलं कुणीच उरणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटली. ती स्वतःसाठी घाबरली.

“वाढू अजून?” तिने विचारलं.

“नको.”

सोमवारी सकाळी ती चहा गाळत होती. राजन स्वयंपाकघराच्या दारात आला. शर्ट अंगात होता, पुढून उघडा. त्याने पाठ फिरवली नाही. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर धरून तो तिच्यासमोर उभा राहिला.

अरुणाने गाळणी खाली ठेवली आणि वरच्या बटणापासून सुरुवात केली.