पाचपैकी तीन

पिंगळे सरांनी उभ्या आयुष्यात कुणाला पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत, आणि याचा त्यांना केवढा अभिमान! गणिताचं उत्तर बरोबर, रीत बरोबर, अक्षर मोत्यासारखं, तरी एक मार्क कापलेला. का, तर समासाची रेघ वाकडी. "पैकीच्या पैकी फक्त परमेश्वराला," असं ते म्हणायचे. पण परमेश्वराचा पेपर त्यांच्याकडे तपासायला आला असता तर त्याचाही एखादा मार्क गेलाच असता. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी खिशातलं लाल पेन काही गेलं नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी जिलेबीला दहापैकी सात, मठ्ठ्याला पाच असं त्यांचं चालायचं. लोक हसायचे आणि सोडून द्यायचे.

छायाबाई ही त्यांची धाकटी भावजय. मुलगा समर्थ शाळेत असतानाच तिचा नवरा गेला. तेव्हापासून मखमलाबादच्या मळ्यात झेंडू, शेवंती, गुलाब लावायचे, पहाटे खुडायचे आणि नाशिकच्या फुलबाजारात नेऊन विकायचे, यातच तिचं आयुष्य चाललं होतं. शिक्षण बेताचं, पण रीतभात पक्की. थोरल्या दिरासमोर ती कधी खुर्चीवर बसली नाही, डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, शब्दाला शब्द केला नाही. सरांच्या घरी गेली की उंबऱ्याशी, भिंतीला टेकून खाली बसायची. थोरली जाऊ उज्वला म्हणायची, "अगं, वर बस की." छायाबाई म्हणायची, "दादा हायेत." विषय संपला.

समर्थ हॉटेल मॅनेजमेंट शिकला आणि मुंबईहून सुटणाऱ्या एका मोठ्या क्रूझवर लागला. काम केबिनचं. गाद्या घालायच्या, न्हाणीघर लख्ख ठेवायचं, पाहुण्यांना हवं-नको बघायचं. पहिल्या सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने आईच्या पंच्याला अशा काही घड्या घातल्या की पलंगावर मोर बसला. छायाबाईने तो मोर मोडू दिला नाही. अंग पुसायला साडीचा पदर वापरला, पण पंचा तसाच ठेवला. आपल्या पोराला जहाजावरचे लोक साहेब म्हणत नाहीत, उलट तोच सगळ्यांना साहेब म्हणतो, हे तिला कळत होतं. त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. जहाजाने त्याला पुन्हा पुन्हा बोलवावं, एवढंच तिचं मागणं होतं. कारण तिथली नोकरी कायमची नसते. करार संपतो, आणि कंपनीला वाटलं तर नवा होतो.

दोन वर्षं भरल्यावर समर्थला घरच्या दोन माणसांना सवलतीत जहाजावर नेता येणार होतं. त्याने आईला फोन केला. "आई, तू आणि मावशी या. समुद्र बघ एकदा."

"मी कुठं येऊ? दसरा तोंडावर आलाय, झेंडू उभा हाय रानात," छायाबाई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आन् आधी मोठ्यांचा मान असतो बाळा. तुझा बाप गेल्यावर कॉलेजात तुझं नाव घालायला कोण आलं व्हतं? दादाच ना? त्यांला ने. समुद्र काय पळून चाल्लाय व्हय?"

समर्थने काका-काकूंना नेलं. नुसतं नेलं नाही, तर वरच्या साहेबाच्या हातापाया पडून त्यांची केबिन आपण सांभाळतो त्याच ओळीत घेतली. घरच्या थोरांची सेवा आपल्या हातून व्हावी, एवढाच त्याचा भाबडा विचार. पोर आईवर गेलं होतं, दुसरं काय!

सर परत आले ते छाती फुगवूनच. छायाबाईला वाटलं, पोराने जीव लावला, म्हणून खूश आहेत. पण सर पोराबद्दल फारसं बोलेचनात. बोलायचे ते जहाजावरच्या टीव्हीबद्दल.

दसरा गेला, आणि एका दुपारी समर्थचा फोन आला. "आई, घरी येतोय."

"सुट्टी मिळाली?"

"नाही. करार संपला. पुढचं बोलावणं नाही आलं." मग हळूच म्हणाला, "रेटिंग घसरलं गं माझं."

फुलांचा भाव घसरतो तसलं काहीतरी असेल, असं छायाबाईला वाटलं. पण भाव घसरायला बाजारात माल तरी जास्त यावा लागतो. तिचं पोर तर एकच होतं.

त्याच आठवड्यात गंगापूर रोडकडच्या एका ज्येष्ठ नागरिक संघात सरांचं भाषण होतं. फळ्यावर सरांनी स्वतःच्या हाताने विषय लिहिला होता : क्रूझच्या केबिनमध्ये संवाद साधणारा टीव्ही असावा का? सत्काराचा हार छायाबाईनेच आणायचा, असा उज्वलाचा निरोप होता. तिने निशिगंधाचा भरगच्च हार ओवला, मध्ये लाल गुलाब घातले आणि पिशवी घेऊन मागच्या रांगेपाशी उभी राहिली. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण समोर दादा होते.

"केबिनमध्ये पाऊल टाकलं," सर म्हणाले, "आणि टीव्हीच्या पडद्यावर माझं नाव! वेलकम, मिस्टर पिंगळे! चहा हवा? रिमोटचं बटण दाबा. जहाज कुठवर आलं? नकाशा बघा. जेवायला काय आहे? तेही तिथेच. तोंडातून शब्द काढायची गरज नाही."

पुढच्या रांगेतून झुंबरशेठ उठले. लासलगावला कांद्याच्या लिलावात जन्म घालवलेला माणूस, आवाजाला लगाम कसला! "अहो सर, चहा पाहिजे तर पोराला हाक मारायची. दोन शब्द बोलायचे, कुठला रे तू, म्हणून इचारायचं. टीव्हीसंगं काय बोलायचं? मी म्हणतो, असला टीव्ही नकोच."

लोक हसले. सरही हसले, आणि बोट वर केलं. वर्गात करायचे तसंच. "इथेच चुकता तुम्ही, शेठ. हाक मारली की ओळख होते. ओळख झाली की भीड पडते. आणि भीड पडली की न्याय होत नाही! त्या टीव्हीचा खरा उपयोग शेवटच्या दिवशी कळतो. पडद्यावर प्रश्न येतो : तुमच्या केबिनची व्यवस्था कशी होती? आणि खाली पाच तारे. आता ऐका. आमची केबिन सांभाळत होता माझा सख्खा पुतण्या."

मागे उभ्या छायाबाईने पिशवी छातीशी धरली. पोराचं नाव निघालं म्हणून तिला बरं वाटलं.

"मुलगा कामाचा आहे. चादरीला सुरकुती नाही, वेळेला चुकत नाही. मी मनात चार तारे ठरवले होते. पाच मी कुणालाच देत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण आदल्या संध्याकाळी हा आमच्याकडे येतो आणि म्हणतो, मोठे काका, उद्या टीव्हीवर तेवढे पाच द्या. मी म्हटलं, अरे, हा तर वशिला झाला! घरचा म्हणून झुकतं माप? मी सकाळी रिमोट घेतला आणि आणखी एक तारा कापला. पाचपैकी तीन! तोंडावर सांगायला जड गेलं असतं, पण टीव्हीने काम सोपं केलं. म्हणून माझं मत आहे, प्रत्येक केबिनमध्ये असा टीव्ही हवाच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काय हा निःस्पृहपणा, काय ही शिस्त, असं जो तो म्हणू लागला. हात वर करून मत द्यायला सांगितलं, तर झुंबरशेठ सोडून सगळे हात टीव्हीच्या बाजूने. उज्वला तेवढी मांडीवरच्या पर्सचा बंद चाळवत खाली बघत बसली होती. हार घालायची वेळ आली तेव्हा छायाबाईने तो अध्यक्षांच्या हातात दिला आणि बाहेर येऊन रिक्षात बसली. तिला तारे कळत नव्हते, रिमोट कळत नव्हता. पण 'आणखी एक कापला' हे शब्द कळायला शिकलेलं असावं लागत नाही.

समर्थ आला. पोर वाळलं होतं. जेवण झाल्यावर छायाबाईने सरळच विचारलं, "तीन तारे म्हंजे लय कमी का रे?"

समर्थने चमकून पाहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. शंभर लोकांम्होरं. टाळ्या पडल्या."

तो ताटातली शितं गोळा करू लागला. मग म्हणाला, "तिकडे पाच म्हणजे पास, आई. चार म्हणजे तक्रार. तीन म्हणजे या पोराला काढा. आणि टीव्हीवर उत्तर देणारेच मोजके. बाकीचे सगळे उतरायच्या घाईत. ज्यांचं छान झालं ते हातात हात घेऊन जातात, पण त्या टीव्हीला ते दिसत नाही ना."

"मंग साहेबाला सांगायचं, का ते माझे चुलते हायेत म्हणून!"

"सांगितलं." समर्थ हसला. तसलं हसू तिने त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "साहेब म्हणाले, सख्ख्या काकाने तीन दिले, म्हणजे परक्यांनी तर तुझ्यावर दयाच केली असणार."

त्या जहाजावर छायाबाईची जागा होती. तिनेच ती उचलून दादांना दिली होती. मान म्हणून दिली होती. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, असं म्हणतात. पण म्हणणाऱ्याचं काय जातं? तिच्या पोराची नोकरी गेली होती ना मातीत!

"काकांना काही बोलू नको," समर्थ म्हणाला. "त्यांच्या हिशेबाने त्यांनी मला साठ टक्के दिले. फर्स्ट क्लास."

दिवाळीत सरांचा निरोप आला. जहाजावरचा टीव्ही पाहून त्यांनाही घरी मोठा टीव्ही घ्यावासा वाटला होता. खोकं आणून आठवडा झाला, पण कुणाला लावता येईना. समर्थला पाठवून दे, त्याला त्यातलं कळतं.

छायाबाई सोबत गेली. उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली. उज्वलाने फराळाच्या बशा आणल्या, पण छायाबाईच्या डोळ्याला डोळा दिला नाही. समर्थ भिंतीला चिकटून वायरी जोडू लागला.

"सुट्टी बरीच मोठी दिसतेय यंदा," सर चकली मोडत म्हणाले. "परत कधी?"

"बघू," समर्थ म्हणाला.

थोड्या वेळाने पडदा उजळला. समर्थने रिमोटची बटणं दाबली, आणि पडद्यावर ठळक अक्षरं आली : वेलकम, मिस्टर पिंगळे. सर खुर्चीतून जवळजवळ उडालेच. टाळी वाजवली, पुतण्याच्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास! अरे शाब्बास! आज तुला पाचपैकी पाच! उज्वला, ऐकलंस का? आयुष्यात पहिल्यांदा देतोय हं मी!"

समर्थने खाली वाकून वायरीचे उरलेले तुकडे वेचायला घेतले. उज्वला हातातली बशी घेऊन तशीच उभी राहिली.

छायाबाई उठली. डोक्यावरचा पदर घसरला, तो तिने सावरला नाही.

"हे पाच आता कुठं दाबायचे, दादा?"

"काय?" सरांना कळेना. ही बाई आपल्याशी बोलते आहे, हेच त्यांना आधी कळेना.

"जहाजावर तीन दाबले तुमी, आन् पोराला परत बोलावलं नाय त्यांनी. नोकरी गेली त्याची. सुट्टीवर नाय आला तो. हे पाच कुठं दाबून ती माघारी येत असंल तर सांगा. मी दाबते."

"आई," समर्थ खालूनच म्हणाला. ती सरांकडेच बघत राहिली.

सरांनी चकलीचा तुकडा बशीत ठेवला. समर्थकडे पाहिलं, मग उज्वलाकडे. उज्वला म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं. पोर मागतंय तर द्या म्हणून." सरांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"पण छाया," ते म्हणाले, आणि त्यांचा वर्गातला आवाज त्यांना सापडेना, "तीन म्हणजे फर्स्ट क्लास असतो गं."

छायाबाईने त्यांच्या समोरची खुर्ची ओढली, तिच्यावर बसली आणि आपल्या प्रश्नाच्या उत्तराची वाट बघू लागली.