बुधवारी घर बघायला

बेल वाजली तेव्हा सुगंधाचे हात बोंबलांत होते, म्हणून दार धर्माजींनाच उघडावं लागलं. तेही बनियनवर. दारात मनाली उभी. जिच्या घरचे रविवारी सकाळी, लग्न ठरवण्याआधी, धर्माजींच्या मुलाचं, जितेशचं घर बघायला यायचे होते, ती मुलगी बुधवारी संध्याकाळी एकटीच, खांद्याला ऑफिसची पर्स अडकवून.

"काका, न सांगता आले, रागावू नका. मला ऑफिस सुटल्यावरच यायचं होतं."

रविवार धर्माजींनीच ठरवून दिला होता. त्या सकाळी दहिसर नाक्यावरही रस्ता मोकळा असतो आणि मनालीची गिरगावची माणसं 'अरे, जवळच आहे की भाईंदर' म्हणत पोचतात. पोरीने तो डाव गुपचूप उधळला.

जितेश कामावरून यायचा होता. सुगंधाने पाणी दिलं. "कशी आलीस गं?"

"मेट्रो बदलत दहिसरपर्यंत आले, काकू. तिथवर मजेत. पुढे बस हलायलाच तयार नाही. पाय गेले नुसते उभं राहून."

धर्माजींना विषयच मिळाला. "तेच तर बोलतोय मी! शहरात आधीच सगळं आहे, तरी तिकडे जमीन पोखरून मेट्रो. आणि आम्हाला नुसते खांब. माणसं राहतात कुठे? मग आधी कोणाला द्यायला पाहिजे?"

"राहतात इथे काका, पण ऑफिसं तिकडेच ना," मनाली हळूच म्हणाली. "आणि तिकडेही लोक बसस्टॉपवर ताटकळायचेच. आमच्या इथे मेट्रो सुरू झाली तेव्हा आई रडली होती."

धर्माजींनी खुंटीवरचा शर्ट काढून अंगात चढवला. गिरगावातली आपली चाळीतली खोली विकून हे घर त्यांनीच घेतलं होतं. इथे भाईंदरला गोडदेवजवळ येऊ घातलेल्या मेट्रो स्टेशनचा नकाशा बिल्डरने ऑफिसात लावला होता, तो बघून. सुगंधा नको नको म्हणत होती. हे ऐकतायत कसले! पोराला दारात मेट्रो मिळेल, हा एकच हट्ट. शेवटी मेट्रो धावली ती त्या विकलेल्या खोलीच्या पायथ्याशी. नातेवाईक चेष्टा करत तेव्हा तेही हसत. आत मात्र फार लागायचं.

चहा येईपर्यंत मनाली सोफ्याच्या हातावर डोकं टेकून झोपली होती.

"अगं बाई," सुगंधा पुटपुटली.

"राहू दे. उठवू नको."

धर्माजी तिच्याकडे बघत राहिले. जितेशही रोज असाच लवंडतो, पुढ्यात ताट घेऊन डुलक्या काढतो. इतकी वर्षं ते त्याला आळशी म्हणत आले होते. आता उद्या ही दोघं अशीच, सोफ्याच्या दोन टोकांना. धर्माजींना स्वतःची लाज वाटली.

लॅच उघडून जितेश आत आला आणि मनाली दचकून उठली. "सॉरी काका." मग ओढणी सावरत तिने सरळच सांगितलं, "मला जितेश पसंत आहेत. घरही छान आहे. पण हे रोजचं मला झेपणार नाही. आता हो म्हणायचं आणि मग कुरकुरायचं, ते नको."

जितेशने बॅग खाली ठेवली आणि बापाकडे पाहिलं.

"तिकडेच भाड्याने खोली बघा तुम्ही," धर्माजी म्हणाले.

"पण पप्पा, हे घर माझ्यासाठीच घेतलंत ना?"

"मग? घर काय पळून चाललंय?"

मनालीचे डोळे भरून आले. "तुम्ही इथे एकटे राहाल?"

"एकटे कसले? दोघं आहोत की."

सुगंधाने बोंबील तळले आणि पोरीला पोटभर जेवू घातलं. जितेश तिला सोडायला गेला. ओटा पुसून सुगंधा बाहेर आली. आतली खोली मुलाची म्हणून नवराबायको पहिल्या दिवसापासून हॉलमध्ये झोपत आले होते.

"अहो, पोरं गेली की आपण आत झोपायचं का?"

"बघू गं. इतक्यात नको," धर्माजी म्हणाले आणि टीपॉय बाजूला सारून त्यांनी दोघांची अंथरुणं घातली.