कार्डावरची ओळ

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शालनच्या कार्डावर लिहिले, ‘गर्भपातानंतर दूध येते.’ पाळी बंद झालेली, दिवस कधीच गेलेले नाहीत, तरी पोलक्याला दुधाचे डाग. याचे कारण त्यांनी तिला न विचारताच ठरवले. पुढे जो डॉक्टर येई, तो आधी ती ओळ वाची आणि त्याच गोळ्या चालू ठेवी.

गोळ्या आणायला गेलेल्या ज्योतीरामानेही ती वाचली. त्या रात्री नवऱ्याने आपले अंथरूण तेवढे ओट्यावर नेले. बोलली सासू, केसरबाई.

“दूध काय आभाळातनं आलं? पोर कुठं टाकलंस?”

“पोर नव्हतंच, आत्याबाई.”

“मग डाक्टर खोटा व्हय?”

पिंपरीच्या त्या औषध कंपनीत शालन बाटल्या उजेडात धरून तपासत असे. दीड वर्षाने तिच्या नजरेतून तडकलेल्या बाटल्या सुटू लागल्या. दापोडीला घराच्या गल्लीत शेजारून गेलेली सासू तिला दिसेना, तर तीही तिची घमेंड ठरली.

सुपरवायझर कुसुमताईंनी मात्र आठवडाभर ट्रे पाहिले. “मधली एक सुटत नाही, कडेची एक सापडत नाही. डोळे पुण्याला दाखव, बाई. इथं नको.”

पुण्याच्या मोठ्या इस्पितळातला डॉक्टर तरुण होता. “माझ्या नाकाकडं बघा. बोटं किती?”

“कुठली बोटं?”

बाजूला धरलेली बोटे त्याने हळूहळू नाकासमोर आणली, तेव्हा कुठे ती तिला दिसली. डोक्याचा फोटो निघाला, रक्त मुंबईला गेले. तीन आठवड्यांनी त्याने सांगितले, “मेंदूच्या तळाशी गाठ आहे. तिच्यामुळं प्रोलॅक्टिन वाढलंय, दूध आणणारं द्रव्य. ती डोळ्यांच्या शिराही दाबतेय, म्हणून कडेचं दिसत नाही. ऑपरेशन करावं लागेल.”

गाठ आहे हे ऐकून शालनला हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याचीच तिला शरम वाटली.

“लिहून द्या.”

“ऑपरेशनचं?”

“मूल पाडलं नव्हतं, ते.”

घरी ज्योतीरामाने कागद दोनदा वाचला. केसरबाई म्हणाली, “कागद काय, म्हणंल तसा मिळतो.”

“पहिला कुणी म्हटलं म्हणून मिळाला होता?” शालनने विचारले.

शालनच्या डाव्या अंगाला ठेवलेला चहा तिचा हात लागून कलंडला. ज्योतीराम प्रथमच चिडला नाही. त्याने दुसरा कप भरून तिच्या अगदी समोर ठेवला.

“आधी सांगायचंस.”

“दीड वर्ष सांगत होते,” शालन म्हणाली. “तुम्ही कार्ड वाचत होता.”